निळ्या फितीचा भाऊ

दिवे गेले तेव्हा मी तळघराच्या जिन्यात अर्ध्यावर होते. बाहेर जुलैचा पाऊस कोसळत होता, वर दिवाणखान्यात माझे साठ नातेवाईक एका सुरात किंचाळले, आणि माझ्या हातातल्या पेटीतून एक खरबूज निसटलं. धप्... धप्... तिसरा आवाज आलाच नाही.

"झेललं!" अंधारातून कोणीतरी म्हणालं.

मग टॉर्च लागला. शेवटच्या पायरीपाशी एक तरुण उभा होता. नखशिखान्त भिजलेला, एका हातात टॉर्च, दुसऱ्या हातात माझं खरबूज, काखेत एक पत्र्याची बादली. केसांतलं पाणी नाकाच्या शेंड्यावरून ठिबकत होतं आणि तो हसत होता. नाक चांगलं लांब होतं. हे मुद्दाम सांगतेय, कारण पुढचा सगळा घोळ त्या नाकाने घातला.

"कॉफीचं यंत्र, इस्त्री आणि केस सुकवायचं यंत्र... तिन्ही एकदम लावलीत ना?" त्याने विचारलं.

"मला काय माहीत! साठ जण आहेत वर. कोण कुठे काय लावतंय..."

"या घराला एका वेळी दोनच झेपतात." असं म्हणून त्याने न बघताच एका पिंपामागे हात घातला. खट् झालं, दिवे आले, वर टाळ्या पडल्या.

मी त्याच्याकडे बघितलं, त्याने माझ्याकडे. का कोण जाणे, ते बघणं जरा लांबलं.

"कुणाचा रे तू?" मी विचारलं.

आमच्या घराण्याच्या मेळाव्यात ओळखीची सुरुवात याच प्रश्नाने होते. पणजोबा देलोबेल यांना चार मुलं, आणि त्या चौघांचा विस्तार असा झाला की दर काही वर्षांनी एखादा अख्खा शातो, म्हणजे जुना गढीसारखा वाडा, आठवडाभर भाड्याने घ्यावा लागतो, नाहीतर आम्ही एका छपराखाली मावत नाही. कोण कोणत्या शाखेचं हे कळावं म्हणून सोलांज आत्या चार रंगांच्या फिती शिवते आणि आल्या आल्या छातीला टाचते. यंदा सगळी जमवाजमव माझ्या गळ्यात होती. लीलच्या नगरपालिकेत मी शाळांची वेळापत्रकं लावते, त्यामुळे घरच्यांचं पक्कं मत आहे की क्लेमांसला माणसांना रांगेत उभं करायला आवडतं. आवडतं मला, पण म्हणून काय सगळं माझ्यावरच टाकायचं?

"मी... खरं तर मी इथलाच..." तो म्हणू लागला.

इतक्यात जिन्यावरून सोलांज आत्या उतरली. आत्या आयुष्यभर मुख्याध्यापिका होती. तिच्यासमोर कोणी वाक्य पुरं केल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

"अगोबाई! हे नाक बघ क्लेमांस! फेर्नां काकांचं नाक, हुबेहूब! निळी शाखा!" आणि तिने त्याच्या ओल्या शर्टावर निळी फीत टाचलीसुद्धा.

"मादाम, माझं जरा ऐकून..."

"मादाम काय म्हणतोस मेल्या? आत्या म्हण!" तिने त्याच्या एका गालाला गाल लावला, मग दुसऱ्याला, मग त्याच्या हातात बटाट्यांचं पोतं दिलं आणि त्याला जिन्यावरून वर ढकललं.

आमच्या देशात आधी गालाला गाल लावतात, नाव मागाहून विचारतात. आणि कुटुंबाचा मेळावा असेल तर त्यातल्या एकालाही वगळून चालत नाही, वगळलेला माणूस पाच वर्षं ते लक्षात ठेवतो. वर साठ देलोबेल उभे होते. बिचारा एकेकाच्या गालाला गाल लावत गेला, आणि प्रत्येकाला वाटलं की हा कोण ते शेजारच्याला ठाऊक असणार. पॅरिसवाल्यांना वाटलं, लियोंचा असेल. लियोंवाल्यांना वाटलं, झिनेत काकूचा धाकटा, जो कॅनडात असतो. साठ जणांचे गाल गालाला लागल्यावर कुठल्या तोंडाने म्हणायचं की माफ करा, मी तुमचा कोणी नाही, मी गळतीखाली बादली ठेवायला आलो होतो?

आताच सांगून टाकते, म्हणजे तुमच्या जिवाला घोर नको. तिबो, म्हणजे हा बादलीवाला, माझा भाऊ नव्हता. लांबचाही नव्हता. पण हे मला कळायला गुरुवार उजाडला, आणि तोवर माझं व्हायचं ते होऊन गेलं होतं.

सोमवारी स्वयंपाकाची पाळी निळ्या शाखेची होती. मी पिवळी, पण देखरेखीला गेले. तिबो खिडकीजवळ बसून बटाटे सोलत होता. सोलत कसला, तासत होता.

"अरे, सालीसकट अर्धा बटाटा चालला टोपलीत! कधी सोलला नव्हतास का?"

"साठ जणांसाठी कधीच नाही." तो शांतपणे म्हणाला. "आमच्याकडे जेवायला दोनच माणसं. मी आणि आई."

"लाडोबा आहेस म्हणजे."

"विचार आईला." त्याने मान वर केली. "तू जेवलीस का, क्लेमांस?"

शनिवारपासून मला साठ जणांनी विचारलं होतं, टॉवेल कुठायत, पाव किती वाजता येतो, वरच्या न्हाणीघरात कोण आहे एवढा वेळ. हे मात्र कोणी विचारलं नव्हतं.

तो उठला, जुन्या भट्टीच्या दाराला खालून गुडघ्याने हलकेच धक्का दिला. तेच दार, जे माझ्या तीन काकांना दोन दिवसांत उघडलं नव्हतं. आत जर्दाळूच्या टार्टचा मोठा तुकडा झाकून ठेवलेला होता.

"सकाळीच बाजूला काढला. नाहीतर लियोंवाले काही शिल्लक ठेवत नाहीत."

"स्वतःच्याच भावंडांबद्दल असं बोलतोस?" मी खाता खाता म्हटलं.

त्याने भट्टीचं दार लोटून दिलं. "क्लेमांस... मला तुला एक सांगायचंय."

"बटाटे झाले?"

"नाही, पण..."

"मग आधी बटाटे!"

माझा स्वभावच तसा. पण त्या दिवशी टार्ट तोंडात होता, खिडकीतून ओल्या गवताचा वास येत होता, समोर एक लांब नाकाचा माणूस माझ्या दटावण्यावर हसत होता, आणि मी मनात म्हणत होते... हा दुसऱ्या कुठल्या घरात जन्माला आला असता तर काय बिघडलं असतं!

मंगळवारी मी त्याला टाळायचं ठरवलं. पाचदा भेटले. कधी विहिरीपाशी, कधी माडीच्या अरुंद जिन्यात, जिथे एकाने भिंतीला चिकटल्याशिवाय दुसऱ्याला जाता येत नाही. दोघंही भिंतीला चिकटलो आणि कोणीच गेलं नाही.

"तू आधी," तो म्हणाला.

"नाही, तू."

"मला घाई नाहीये."

मलाही नव्हती. खालून झिनेत काकूने हाक मारली म्हणून, नाहीतर आम्ही तिथेच भिंतीवरच्या तसबिरींसारखे राहिलो असतो.

बुधवारी पाऊस थांबला. पावसानंतर ओकच्या रानात पिवळ्या अळंब्या फुटतात, त्या गोळा करायला टोपली घेऊन आम्ही दोघंच गेलो. म्हणजे जायचे होते दहा जण. बाकीच्या आठ जणांना मीच दुसऱ्या वाटेला पिटाळलं. वेळापत्रक लावणाऱ्या माणसाला एवढं जमतं.

"ही खायची की मरायची?" मी एक अळंबी उचलून विचारलं.

"खायची."

"खात्री आहे?"

"नाही. गावातल्या औषधवालीला दाखवू, तिला यातलं कळतं. ती नाही म्हणाली तर लियोंवाल्यांना देऊ."

मी खळखळून हसले. मग झाडांवरून थेंब पडायला लागले, आधी तुरळक, मग भरभर. आम्ही एका जुन्या ओकच्या बुंध्याला टेकून उभे राहिलो. त्याचा दंड माझ्या दंडाला लागत होता. ओल्या लोकरीचा, मातीचा वास. माझ्या केसांत अडकलेलं एक पान त्याने काढलं, पान खाली पडलं, हात मात्र तिथेच राहिला... माझ्या कानाजवळ. मी मान वर केली. अजून थोडी वर केली असती तर सगळंच झालं असतं.

"नको," मी म्हटलं. "तिबो, नको."

"क्लेमांस, तसं नाहीये. मी तुझा..."

मी त्याच्या तोंडावर तळवा ठेवला. "मला सगळं माहीत आहे! लांबचं नातं आहे, कायदा काही म्हणत नाही. पण उद्या पायऱ्यांवर सगळ्यांचा फोटो आहे. तुझे फेर्नां आजोबा मध्ये बसणार, एका अंगाला तू, एका अंगाला मी. सोलांज आत्याला एका नजरेत कळेल. माझे आजोबा आणि तुझे आजोबा एका ताटात जेवले रे! मला त्या साठ जणांत तोंड दाखवायचंय. एक शब्द बोलू नकोस. माझी शपथ आहे तुला."

तळव्यावरून त्याचे डोळे माझ्याकडे बघत होते. फार काही सांगायचं होतं त्यांना. मी वाचलं नाही. मी रडत होते, आणि रडताना मला चष्मा काढावा लागतो.

गुरुवारी ऊन पडलं. फोटोवाला आला, त्याने शाखांप्रमाणे उभं राहायला सांगितलं. लाल वर, हिरवी डावीकडे, आम्ही पिवळे उजवीकडे, आणि खालच्या पायरीवर खुर्चीत फेर्नां आजोबा, भोवती त्यांची निळी प्रजा. आजोबांना मोजायची सवय. काठीने एकेकाकडे दाखवत नावं घेत गेले आणि काठी तिबोपाशी थांबली.

"हा कुणाचा?"

"झिनेतचा ना," कोणीतरी म्हणालं.

"छे!" झिनेत काकू म्हणाली. "माझा मोंत्रेआलला आहे. हा तर मिशेलचा."

"माझा?" मिशेल काका दचकला. "माझ्या दोन्ही मुलीच आहेत गं!"

साठ माना वळल्या. तिबोचा चेहरा फितीइतकाच निळा पडला होता. आणि नेमकी तेव्हाच फाटकाजवळच्या छोट्या घरातून त्याची आई बाहेर आली. किल्ल्या देताना शनिवारी मला भेटली होती ती, उंच, करड्या केसांची मादाम द मोंतिए, पायात रबरी बूट. हिरवळीवरून तरातरा येत तिने आवाज दिला.

"तिबो! किती वेळा सांगितलं, पाहुण्यांच्या मध्ये मध्ये करू नकोस म्हणून! छपरावर काम आहे म्हणतोस आणि इथे फोटो काढून घेतोस? माफ करा हं मंडळी. घराचा मालक झाला तरी पोरकटपणा जात नाही."

आजोबांनी काठी खाली टेकवली.

"म्हणजे हा माझा नाही?" फेर्नां आजोबा हिरमुसून म्हणाले. "सगळ्यांत बरा तोच होता."

मग जो हशा उसळला तो थांबेचना. काका लोकांनी त्याची पाठ थोपटली, आत्याने कपाळावर हात मारून घेतला, लियोंवाले डोळे पुसत होते. सगळ्यांना हा प्रकार बेहद्द आवडला. मी सोडून.

माझ्या डोळ्यांसमोर ते रान होतं. मी रडले होते त्याच्यासमोर. शपथा घातल्या होत्या. आणि याला ठाऊक होतं! तो पायऱ्या चढून माझ्याकडे आला तेव्हा मी हात पुढे केला, ताठ, अनोळखी माणसापुढे करतात तसा.

"बोंजूर, मस्यू द मोंतिए. तळघरातल्या दिव्यांबद्दल आपले आभार मानायचे राहिले होते."

"क्लेमांस, ऐक ना..."

"आपण मला मादमोझेल देलोबेल म्हणावं."

त्याने माझा हात हातात घेतला, सोडला. मग छातीवरची फीत काढून आत्याच्या हातात ठेवली आणि आईच्या मागोमाग हिरवळीवरून निघून गेला. फोटो आहे आमच्याकडे. सगळे हसतायत, आणि पिवळ्या शाखेत एक बाई युद्धाला निघाल्यासारखी उभी आहे.

शुक्रवारी दुपारी मी चमचे पुसत होते. पुसून झालेले पुन्हा पुसत होते. आत्या समोर येऊन बसली.

"कालपासून तोंड फुगवून बसली आहेस."

"फसवलं त्याने मला."

"फसवलं. कबूल. मग?"

"मग काय, मग! खोटारडा आहे तो. आपल्या सगळ्यांत मिसळला, आजोबांना आजोबा म्हणाला, माझा भाऊ म्हणून माझ्याशी..."

"शाळेत काही मुलं अशी असायची बघ," आत्या म्हणाली. "गणित पाठ, पायऱ्या बरोबर, आणि शेवटचं उत्तर लिहायलाच विसरायची. तसं झालंय तुझं."

"म्हणजे?"

"अगं वेडे! तो तुझा भाऊ नाही."

माझ्या हातातला चमचा तसाच राहिला. खरं सांगते, दीड दिवस मी रागावण्यात इतकी गुंग होते की हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. भाऊ नाही. आजोबा वेगळे, ताट वेगळं, सगळंच वेगळं. भाऊ नाही!

"बुधवारी रानातून आलीस तेव्हा तुझे डोळे बघितले मी," आत्या हळूच म्हणाली. "आता हिला कसं समजवायचं, याच काळजीने झोप उडाली होती. काल मात्र कशी छान झोपले... उठ आता. तोंडावर पाणी मार आधी, नाक लाल झालंय."

संध्याकाळचं पिवळं ऊन हिरवळीवर आडवं पडलं होतं. फाटकाजवळच्या घराला दोनच खोल्या. मी दार वाजवलं. मादाम द मोंतिएंनी उघडलं. आत छोटं टेबल, सुपाच्या दोन बशा, आणि एका बशीमागे तिबो.

"काही हवंय का?" मादामांनी विचारलं. "गरम पाणी गेलं का पुन्हा?"

"नाही. तिबो हवाय."

माझं वाक्य माझ्याच कानांवर पडलं आणि कान तापले. मादामांनी माझ्याकडे बघितलं, मुलाकडे बघितलं. "कोंबड्या आत गेल्या का बघून येते," म्हणाल्या आणि सूप टाकून बाहेर पडल्या.

"बसा ना, मादमोझेल," तिबो म्हणाला.

"बस झालं ते! तू म्हण मला."

"तूच तर सुरू केलंस."

"मीच संपवतेय. सांग, का केलंस असं?"

त्याने चमचा बशीत ठेवला. "या खिडकीतून बघ," तो म्हणाला. मी बघितलं. हिरवळीपलीकडे शातोचा दिवाणखाना, सगळे दिवे लागलेले, लांब टेबल, माझे काका बाटल्या उघडतायत. "लहानपणापासून माझा उन्हाळा म्हणजे हे. घर आमचं, पण जूनपासून आम्ही इथे येऊन राहायचं आणि तिथे दर शनिवारी नवी माणसं. आई म्हणायची, मध्ये मध्ये करू नकोस, त्यांच्यामुळे छप्पर टिकलंय. खरंच आहे ते. मी इथूनच बघायचो, कोण कुणाला चिडवतंय, कोण टेबलावर नाचतंय... आणि त्या दिवशी तळघरात तुझी आत्या मला मेल्या म्हणाली. क्लेमांस, त्या घरात मला हक्काने कोणी पहिल्यांदा ओरडलं. एक दिवस गप्प राहावं म्हटलं. फक्त एक दिवस."

"आणि सोमवारनंतर?"

"सोमवारनंतर तू. खरं कळलं असतं तर मी पुन्हा किल्लीवाला झालो असतो. तू गरम पाण्याची तक्रार केली असतीस, मी दुरुस्त केलं असतं, संपलं. बुधवारी सांगणारच होतो. तर तू तोंड दाबलंस."

"हात काढता आला असता."

"आला असता." त्याने पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. "काढावासा वाटला नाही."

मला हसू आलं आणि रडूही. चष्मा काढला. "गाढवा," मी म्हटलं, "प्रेम आहे माझं तुझ्यावर. तू भाऊ होतास तेव्हाही होतं. म्हणून तर एवढा राग आला."

त्याचा चेहरा उजळला, आणि लगेच विझलासुद्धा.

"आज शुक्रवार आहे," तो म्हणाला. "शुक्रवारी सगळेच असं बोलतात. या घराचं, या झाडांचं, आमच्या कोंबड्यांचंसुद्धा सगळ्यांना प्रेम वाटतं. जाताना रडतात, पुढच्या वर्षी नक्की म्हणतात. मग पुढच्या वर्षी दुसरा शातो बघतात. आजवर परत कोणी आलेलं नाही, क्लेमांस. तू खोटं बोलत नाहीयेस. तेही बोलत नव्हते."

हिरवळीपलीकडून सगळे माझ्या नावाने ओरडत होते, माझ्याशिवाय कोण कुठे बसणार ते कुणालाच ठरवता येत नव्हतं.

"जा," तो म्हणाला. "आणि उद्या मी फाटकाशी नसेन. गाड्या जाताना मला बघवत नाहीत."

रात्रीच्या जेवणात मी कुणाला कुठे बसवलं आठवत नाही. फेर्नां आजोबांच्या शेजारची खुर्ची रिकामी राहिली, आणि आजोबांनी तिथे कुणालाही बसू दिलं नाही.

शनिवार ऑगस्टची पहिली तारीख होती. त्या दिवशी जुलैच्या सुट्टीवाले परततात, ऑगस्टवाले निघतात आणि अख्खा देश रस्त्यावर असतो, म्हणून सगळ्यांना लवकर सुटायचं होतं. साठ जणांनी साठ जणांच्या गालाला गाल लावले. त्यातच बराच वेळ गेला. सामान चढलं, दारं लागली. बाबांनी काच खाली केली.

"बस ना क्लेमांस. कुणाची वाट बघतेस?"

"मी नाही येत, बाबा."

"म्हणजे?"

"ऑगस्टभर शाळा बंद, म्हणजे माझंही काम बंद. मी राहतेय." बोलेपर्यंत मला खात्री नव्हती. बोलल्यावर एकदम हलकं वाटलं.

"राहतेस? कुठे? आणि तुझी बॅग चढवली ना मागे..."

"नाही चढवली," मागच्या सीटवरून सोलांज आत्या म्हणाली. तिने झाडाखाली बोट दाखवलं. माझी बॅग तिथे उभी होती. "आता चल रे बाबा, रस्ते तुंबायच्या आत."

शेवटची गाडी वळणावर दिसेनाशी झाली तेव्हा मी मागे वळले. मोठ्या पायऱ्यांवर मादाम द मोंतिए चादरींचा ढीग घेऊन उभ्या होत्या.

"तू गेली नाहीस?"

"नाही."

"दुपारी नवे लोक येतायत. सगळे पलंग व्हायचेत." त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "चादरीची घडी येते का?"

"येते."

"मागच्या अंगणात एक जण एकटाच झटापट करतोय. कुणाशी बोलत नाहीये सकाळपासून. जा."

मागच्या अंगणात दोरीवर चादरी वाऱ्याने फुगत होत्या. तिबो माझ्याकडे पाठ करून एका भल्यामोठ्या लिननच्या चादरीशी झगडत होता. दोन टोकं हातात, दोन गवतात लोळतायत. मी ती दोन उचलली.

"गेले का गं आई सगळे?" त्याने न वळताच विचारलं.

"गेले," मी म्हटलं.

चादर एकदम ताणली गेली. तो वळला. आम्ही टोकाला टोक जुळवलं, चादर अर्धी झाली. मी एक पाऊल पुढे, तो एक पाऊल पुढे. पुन्हा टोकाला टोक. त्याचे डोळे ओले होते आणि तो ते लपवत नव्हता. आणखी एक घडी. आता आमच्यामध्ये हातभर कापड उरलं होतं.

"ऑगस्ट संपला की?" त्याने विचारलं.

"दर शुक्रवारी संध्याकाळची गाडी आहे लीलहून. बघून ठेवलीये मी."

"शनिवारी मला वेळ नसतो. पलंग असतात."

"म्हणून तर शनिवारसाठी येणार."

तो हसला, आणि माझ्या हातातली टोकं घ्यायला पुढे झाला. मी दिली नाहीत. तो आणखी पुढे आला. त्याचं लांब नाक माझ्या चष्म्याला लागलं, चष्मा वाकडा झाला, आणि आमच्या हातांतून सगळीच टोकं सुटली.

"झाली का रे घडी?" वरच्या खिडकीतून मादामांचा आवाज आला.

"नाही झाली, आई," तिबो माझ्या केसांतूनच ओरडला. "ही पुन्हा धुवावी लागणार!"